सांगता न येणाऱ्यांचे ऐकताना



आमच्या पुलगावात माणसे टोपणनावाने ओळखली जातात. विदर्भातल्या बहुतेक गावांचे तसेच आहे. ऐकू न येणारा मुलगा 'बहिरा' होतो, पाय ओढत चालणारा 'लंगडा' होतो आणि समज थोडी कमी असलेली मुलगी 'येडी'. ही नावे कोणी वैराने ठेवत नाही. पण नाव एकदा चिकटले की त्या लेकराचे म्हणणे अर्धे बाद होते. ते घाबरून काही सांगू लागले, तर घरातलेच कुणी म्हणते, "येडीच्या बोलण्यावर काय जाता?" मी शब्दांशी खेळणारा माणूस आहे, म्हणून मला हे वाक्य फार बोचते. त्या मुलीला त्रास देणाऱ्याला याच वाक्याचा सर्वांत मोठा आधार असतो.

अपंग मुलांना धोका अधिक का, याची कारणे रोजच्या जगण्यातच आहेत. या मुलांना कोणी आंघोळ घालते, कोणी कपडे बदलते, कोणी उचलून रिक्षात बसवते. इतके हात अंगाला लागतात की आपल्या शरीरावर आपलाही काही हक्क आहे, हे त्यांना कळतच नाही. त्यात आपण शिकवतो काय? सांगितले ते मुकाट्याने ऐकायचे. आणि त्रास देणारा बहुतेक वेळा अनोळखी नसतो. ज्याच्यावर घराचा विश्वास, ज्याच्याशिवाय मुलाचे पान हलत नाही, असाच तो असतो.

संस्थेत ठेवले म्हणजे मूल सुरक्षित झाले, असेही नाही. २०१० साली ठाणे जिल्ह्यातील कवडासच्या बालगृहातील मतिमंद मुलांच्या हालांची बातमी वर्तमानपत्रात आली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून तिची दखल घेतली. बालगृहांची पाहणी सुरू झाली. त्या काळात पनवेलजवळच्या कळंबोली येथील एका संस्थेत मुलींवर झालेले अत्याचार उघडकीस आले. २०१३ च्या मार्चमध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह सहा जणांना दोषी ठरवले. पुढे उच्च न्यायालयात शिक्षा कमी झाली. पण बाहेरची माणसे आत जाऊन त्या मुलींशी बोलली नसती, तर हे प्रकरण कोर्टापर्यंत पोचलेच नसते.

आज कायदा या मुलांच्या बाजूने बराच पुढे आला आहे. २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीसाठी आहे. मुलाच्या अपंगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला अत्याचार त्यात अधिक गंभीर गुन्हा मानला आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो आणि पोलिसाने त्या वेळी गणवेशात असायचे नसते. मूल खुणांनी बोलत असेल, तर विशेष शिक्षकाची किंवा त्याच्या खुणा समजणाऱ्या माणसाची मदत घेता येते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. असा गुन्हा माहीत असून पोलिसांना न कळवणे हाही गुन्हाच आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. 'घरची अब्रू घरात' ही सबब तिथे चालत नाही.

"पण कोर्टात यांचे कोण ऐकणार?" असे पालक विचारतात. २०२१ साली आंध्र प्रदेशातील एका जन्मांध तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले आहे. तिने आरोपीला आवाजावरून ओळखले होते. अपंग साक्षीदाराची साक्ष केवळ अपंगत्वामुळे कमी दर्जाची ठरत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले.

तरी एक प्रश्न उरतोच. कायदा वय मोजतो ते कॅलेंडरवर. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अशा एका स्त्रीचे प्रकरण आले, जिचे वय अडतीस होते आणि समज सहा ते आठ वर्षांच्या मुलीएवढी. पोक्सोतील 'मूल' या शब्दात मनाचे वय बसत नाही, असा निकाल झाला. कायद्याच्या शब्दांना धरून तो असेल, पण अठरावा वाढदिवस झाला म्हणून अशी लेक मोठी होत नाही, हे तिची आई जाणते. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, वझ्झर येथे, शंकरबाबा पापळकर हेच अनेक वर्षे सरकारला सांगत आले आहेत. बेवारस अपंग मुलांना अठरा वर्षांनंतर संस्थेबाहेर काढू नका, अशी त्यांची मागणी आहे. अशी शंभरावर मुले त्यांनी वाढवली, त्यांना आपले आडनाव दिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जळगाव रेल्वे स्थानकावर कचऱ्यात टाकलेली त्यांची अंध मानसकन्या माला त्याच वर्षी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. ज्या रुळांवर आपले पुलगाव आहे, त्याच रुळांवर ते जळगाव आहे.

मग आपण घरी काय करावे? मुलाला शरीराच्या प्रत्येक भागाचे नाव शिकवा. ज्या भाषेत घरी भांडता, जेवता, त्याच भाषेत. बोलता येत नसेल तर चित्र दाखवा, खूण ठरवा. 'नको' ही खूण सर्वांत आधी शिकवा. मूल 'नको' म्हणाले तर हातातला घास का असेना, एकदा थांबा. त्याच्या 'नको'ला घरात किंमत मिळाली, तरच ते बाहेरही 'नको' म्हणेल. कपडे बदलण्याआधी त्याला सांगा, विचारा. एखाद्या माणसाला पाहून मूल अंग चोरू लागले, झोपेत दचकू लागले, अंथरूण पुन्हा ओले करू लागले, तर 'हट्टी झाले' म्हणून मोकळे होऊ नका. वसतिगृहात ठेवले असेल तर न कळवता भेटायला जा. रात्री मुलांजवळ कोण असते, ते विचारा. विचारलेले ज्या संस्थेला आवडत नाही, तिच्याविषयी अधिक चौकशी करा. शंका आली तर १०९८ हा क्रमांक फिरवा. त्याला पैसे पडत नाहीत.

आणि आपल्या गल्लीत ज्या लेकराला आपण टोपणनावाने हाक मारतो, त्याचे खरे नाव आज त्याच्या आईला विचारून घ्या. उद्यापासून त्याला त्याच नावाने हाक मारा.