गिरणगाव आणि बायकांची चूल
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



गिरणगाव पालटले, हे परळ-लालबागच्या बायकांना निराळे सांगावयास नको. परंतु ह्या बदलाचा हिशेब भोंगे आणि मॉल ह्यांवरूनच होतो. मी आज तो चुलीकडून मांडणार आहे.

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी १८५४ साली निघाली. पुढे कोकणातून, घाटावरून माणसे आली. तेलुगू पद्मशाली आले, उत्तरेकडील मुसलमान विणकर मदनपुऱ्यात स्थिरावले. सारे भोंग्यावर उठत, पण सारे समान नव्हते. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकामाच्या खात्यात घेत नसत. जुने तेवढे सोने, असे मी म्हणणार नाही.

तरीही एका गिरणीमागे कितीतरी चुली पेटत. बिऱ्हाड गावी ठेवून आलेल्या गड्यांना एखादी बाई पाळीप्रमाणे जेवू घाली. वाण्याची उधारी, सावकाराचे व्याज सोशी. अशा खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणून बँकेचे कर्ज मिळवून दिले.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, तसे खानावळीचे पैसेही थांबले. १९९१ साली परदेशी भांडवलास दारे उघडली, आणि कापडापेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची ठरली. त्याच वर्षीच्या नियमाने त्या जमिनीचे तीन वाटे ठरले: मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती राहिली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला. मुलींना तेथे कामे मिळाली, हे खरे. परंतु घरबसल्या होणारी बाईची कमाई कोणाच्याच नकाशात नव्हती.

म्हणून चाळीच्या पुनर्विकासाचे कागद आले, की चौरस फुटांवरच थांबू नका. करारात आपले नाव आहे काय? देखभालीचा दरमहा खर्च किती, आणि तो कोणी भरावयाचा? डबे, शिवण, पापड करणारीला जागा कोठे? हे तीन प्रश्न लेखी विचारा व उत्तरही लेखी घ्या. अर्ज लिहिण्याचे काम मंडळाने करावे.

चाळीच्या सभेत बायका मागे बसतात. त्या दिवशी पुढे बसा.