‘वाकू नका’ म्हणण्यापूर्वी

कोल्हापूर म्हणजे लाल मातीवर आणि पेठापेठांच्या फुटबॉलवर जीव टाकणारे गाव. लचक, मुरगळ, उसण हे इथले रोजचे शब्द. सांधे, मणका आणि खेळातल्या इजांवरची परिषद इथे भरते आहे, याचा आम्हाला आनंद आहे.

एकच मुद्दा मांडतो. दुखू लागले की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो: पडून राहा, वाकू नका, मांडी घालू नका. साध्या कंबरदुखीपुरता तरी हा सल्ला पुराव्यावर टिकत नाही. १९८६ साली अमेरिकेत दोन दिवस आणि सात दिवस अंथरुणात राहायला सांगितलेल्या रुग्णांची तुलना झाली. दोन दिवसवाले लवकर कामावर परतले आणि बरे होण्यात कुठेही मागे पडले नाहीत. १९९५ साली हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवरील अभ्यासात तर झेपतील तेवढी नेहमीची कामे चालू ठेवणारेच सर्वांत लवकर सावरले. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. दाब पडतो आणि सुटतो, तेव्हा वंगणद्रवातून तिचे पोषण होते. हालचाल थांबली की ते मंदावते, स्नायूही झपाट्याने उतरतात. त्यात ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य कानी पडले, की माणूस वर्षानुवर्षे पट्टा बांधून जपून वावरतो. १९९४ साली कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत किमान एक चकती फुगलेली आढळली. फोटोत दिसते तेच दुखण्याचे मूळ, असे मानायला म्हणूनच आधार नाही.

यावर कोणी म्हणेल, हे सरसकट सांगणे धोक्याचे आहे. खरेच आहे. लघवीवरचा ताबा सुटणे, बैठकीचा भाग बधिर होणे, पायातली ताकद जाणे, ताप, अकारण घटणारे वजन, मोठा मार यांपैकी काही असेल तर आधी तपासणी, तीही तातडीने. गुडघ्यातला बंध तुटलेल्या कबड्डीपटूचे शस्त्रक्रियेनंतर पाय हलवणे लवकर सुरू होते, पण नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांना पुन्हा इजा होण्याचा धोका बराच जास्त असतो. म्हणजे प्रश्न हालचालीच्या मापाचा आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. उसाची मोळी डोक्यावर घेऊन, अरुंद फळीवर तोल सांभाळत ट्रॉलीत चढणाऱ्या बाईला ‘हालचाल करा’ काय सांगायचे? तिला हालचाल कमी नाही, उसंत कमी आहे. पण मग ‘पंधरा दिवस झोपून राहा’ हे तरी तिच्या काय कामाचे? बुडालेली रोजंदारी कोण देणार? मोळी किती लहान बांधायची, किती खेपांनंतर टेकायचे, पाठीची आणि मांड्यांची ताकद कशी वाढवायची, हे तिला कोणीतरी नेमके सांगायला हवे. तिची मोळी लहान करणे मुकादमाच्याही हातात आहे, हेही आपण उघड बोलले पाहिजे.

गोळीचे प्रमाण आपण चिठ्ठीवर स्पष्ट लिहितो. किती मिनिटे चालायचे, अर्ध्या बैठका कधी सुरू करायच्या, दुखणे कितपत वाढले तर थांबायचे, हेही तसेच लिहिलेली मराठी चिठ्ठी या परिषदेतून तयार व्हावी, अशी स्वागत समितीची इच्छा आहे. त्यासाठी कोरे नमुने प्रत्येकाच्या फाईलमध्ये ठेवले आहेत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते भरून द्यावेत, ही विनंती.