मेंदूचे शास्त्र आणि वेठबिगाराची डाळ

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. आज मात्र मज्जाशास्त्राविषयी, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या शास्त्राविषयी, चार शब्द बोलणार आहे. याला निमित्त आपल्यातल्याच एका कार्यकर्त्याने विचारलेला प्रश्न. त्यांची मुलगी तालुक्याच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. झाली. पुढे सरकारी विद्यापीठात मज्जाशास्त्र शिकावे, असे तिच्या मनात आहे. वडील मला म्हणाले, "सर, हे श्रीमंत देशांचे चोचले. गरिबाच्या पोरीने बी.एड. करावे, नोकरी धरावी. मेंदूचे शास्त्र शिकून आपल्या लोकांचे काय भले होणार?"

प्रश्न प्रामाणिक आहे, तेव्हा उत्तरही हिशेबाने दिले पाहिजे.

आपल्या विदर्भात लाखोळीची डाळ सर्वांना ठाऊक आहे. मध्य प्रदेशात तिला खेसारी किंवा तिवडा म्हणतात. हे पीक चिवट असते. पावसाने दगा दिला, गहू-हरभरा गेला, तरी लाखोळी तग धरते. म्हणूनच ती गरिबाच्या ताटात येते. इतर अन्नाबरोबर थोडी खाल्ली तर सहसा अपाय होत नाही. परंतु दोन-तीन महिने तेच मुख्य अन्न झाले, की धडधाकट तरुणाचे पाय ताठरतात. आधी एक काठी, मग दोन काठ्या आणि शेवटी हातांवर भार देऊन सरपटणे, अशा याच्या पायऱ्या आहेत. बुद्धी शाबूत राहते, वाचा शाबूत राहते. गेलेले पाय परत येत नाहीत.

रीवा भागात हा रोग वेठबिगारांमध्ये फार होता. मालक मजुरी धान्यात देई आणि त्या धान्यात खेसारी असे. मजुराला निवड नव्हती. जगात अन्यत्रही हेच घडले. १९४२-४३ मध्ये रुमानियाच्या ताब्यातील वाप्निआर्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना हेच कडधान्य खाऊ घातले गेले आणि शेकडो माणसे पांगळी झाली. कैद्यांपैकीच एक, डॉ. आर्थर केसलर, यांनी कारण ओळखले. दोन्हीकडे भूक हेच हत्यार होते.

या डाळीतले विष कोणते, याचा शोध १९६४ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि शर्मा या तिघांनी लावला. त्याच सुमारास दिल्ली विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञही त्याच पदार्थापर्यंत पोहोचले होते. पुढे उलगडा झाला तो असा : मज्जापेशी एकमेकींना निरोप धाडण्यासाठी ग्लुटामेट नावाचे द्रव्य वापरतात. डाळीतले विष त्याच द्रव्याचे सोंग घेते. पेशी अतिरेकाने उद्दीपित होतात आणि त्यातच मरतात. डाळ भरपूर पाण्यात भिजवून वा उकळून ते पाणी फेकले, तर विषाचे प्रमाण बरेच उतरते. एवढी साधी गोष्ट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचविण्यासाठीदेखील आधी कोणीतरी प्रयोगशाळेत बसावे लागते.

आता अर्थशास्त्राकडे येतो. वेठबिगाराच्या डाळीवर संशोधन करून नफा कोणाला होणार होता? कोणालाच नाही. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याच्या रोगाला बाजारात मागणी नसते. म्हणून हे काम जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांतच झाले. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात आयोडिनयुक्त मिठाचा प्रयोग झाला, त्यामागेही डॉ. रामलिंगस्वामी यांच्यासारखे सार्वजनिक संस्थांतले शास्त्रज्ञ होते. गर्भातल्या बाळाच्या मेंदूला आयोडिन न मिळाले, तर पुढे कोणतीही शाळा ती हानी भरून काढू शकत नाही. दारिद्र्य माणसाच्या पोटातून मेंदूपर्यंत जाते, हे ज्याला कळले तो या शास्त्राला चोचले म्हणणार नाही.

पण विज्ञानाची मर्यादाही सांगितली पाहिजे. विषाचा शोध १९६४ चा, वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. खेसारीच्या विक्रीवर बंदी तर १९६१ मध्येच आली होती. परंतु मजुरीच धान्यात मिळते, तेथे विक्रीबंदी काय करणार? रेणूची ओळख शास्त्रज्ञ करून देईल, मजुरी रोखीने मिळावी यासाठी संघटनाच लागेल. दोघांनी एकमेकांना ओळखले पाहिजे. त्या कार्यकर्त्याची मुलगी प्रयोगशाळेत गेली, तर ही ओळख घरातूनच होईल.

बंगलोरची निम्हान्स ही संस्था १९७४ मध्ये जुने सरकारी मनोरुग्णालय आणि मानसिक आरोग्य संस्था एकत्र करून उभी राहिली. तेथे रुग्णालय, वर्ग आणि प्रयोगशाळा एकाच आवारात आहेत. १९९५ पासून तेथे मेंदूपेढी आहे, मृतांच्या नातलगांनी दिलेल्या मेंदूंवर विद्यार्थी शिकतात. असे शिक्षण महाग असते. म्हणूनच ते सार्वजनिक असले पाहिजे. अन्यथा कोणाच्या दुखण्याचा अभ्यास व्हायचा, हे शुल्क भरू शकणारेच ठरवतील.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. प्रादेशिक विद्यापीठांत प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भराव्यात, तासिका तत्त्वावर प्रयोगशाळा चालत नसते. शिष्यवृत्ती सत्र संपल्यावर नव्हे, खाणावळीचे बिल येण्याआधी मिळावी. मुलींच्या वसतिगृहात जागा असावी. आणि हे शास्त्र मराठीतून समजावून सांगणारी पुस्तके निघावीत.

त्या मित्राला मी एवढेच म्हणालो : मुलीला जाऊ द्या. शिक्षकाची नोकरी वाईट नव्हे, मीही तीच केली. परंतु आपल्या घरातली माणसे प्रयोगशाळेत नसतील, तर आपल्या ताटातली डाळ तपासायला कोण येणार?