टॉवेलांचे गाव

मंडळी, आज पुष्कळांच्या खांद्यावर टॉवेल दिसतो आहे. तेव्हा आज टॉवेलाचीच गोष्ट सांगतो.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना नावाचे राज्य आहे. तिथे कॅनापोलिस हे गाव. नाव अवघड आहे खरे. दोनदा म्हणा, म्हणजे जमेल. १९०६ च्या सुमारास कॅनन नावाच्या गिरणीमालकाने हे गाव वसवले. गिरणीत टॉवेल आणि चादरी होत. कामगारांना घरेही गिरणीनेच बांधून दिली. बाप गिरणीत, लेक गिरणीत, सूनही गिरणीत. पुष्कळ पोरे शाळा अर्धी टाकून कामाला लागत. हाताला काम मिळते आहे, मग शिकून काय करायचे? हे बोलणे आम्ही आमच्या शाळेच्या दारातही फार वेळा ऐकले आहे.

पुढे चीन, पाकिस्तान आणि आपला भारत इथला टॉवेल तिकडच्या दुकानांत स्वस्त मिळू लागला. इकडे मजुरी कमी आणि कापूस घरचा. तिकडची गिरणी कर्जातही बुडालेली. ३० जुलै २००३ रोजी ती बंद झाली. त्या गावची आणि आसपासची चार हजारांवर माणसे एका दिवसात बेकार झाली.

आता हिशेब पाहा. टॉवेल स्वस्त झाला, त्यात घरोघरी चार पैसे वाचले. पण ते साऱ्या देशात पांगले. कुणाच्या ध्यानातही आले नाही. तोटा मात्र एका गावाच्या डोक्यावर पडला. पगार गेला. पगारातून कापून घेतलेला औषधपाण्याचा विमा गेला. मग वाण्याचे दुकान बसले.

आणि आपले काय? सोलापूरचे टॉवेल परदेशी जातात. त्यावर किती घरांच्या चुली पेटतात! म्हणून तिकडचे काम गेले ते वाईटच झाले, असे आम्हाला म्हणवत नाही. चांगले झाले, असेही तोंडातून निघत नाही. उद्या आणखी कुणी आपल्याहून स्वस्त विणील, तेव्हा गिऱ्हाईक तिकडे वळेल.

त्या कामगारांना सरकारने कायद्याप्रमाणे मदत दिली, शिकायचा खर्चही दिला. पन्नाशीतली माणसे पुन्हा बाकावर बसली. पहिल्या दिवशी हात कसा थरथरतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. काहीजण शिकून दवाखान्यात कामाला लागले. काहींना मिळेल ते काम थोड्या पगारावर धरावे लागले.

गिरणी पाडली. त्या जागी आता मोठमोठ्या प्रयोगशाळा आहेत. तिथल्या बऱ्याच कामांना पदवी लागते. तीस वर्षे टॉवेलांच्या कडा शिवलेली बाई तिथे अर्ज काय करणार?