रक्तक्षयाचे आकडे आणि आपली शिबिरे

(आरोग्यसेवा क्षेत्रातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित अंश)



राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हे नाव आपण अधूनमधून वृत्तपत्रांत वाचतो. पहिली फेरी १९९२-९३ची. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या फेरीत सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबांची पाहणी झाली. अहवाल आला की कोणते राज्य पुढे, कोणते मागे याचे मथळे झळकतात आणि, आम्हा पत्रकारांची ही जुनीच रीत, तिसऱ्या दिवशी विषय संपतो.

मी एकाच आकड्याविषयी बोलणार आहे. १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५३ टक्के होते, पाचव्या फेरीत ते ५७ झाले. महाराष्ट्रात ते ४८ वरून ५४ वर गेले. याच अवधीत संस्थेतील प्रसूती ७९ वरून ८९ टक्क्यांवर गेल्या, लसीकरणही वाढले. मग रक्तच का घटावे?

येथे घाई करू नये. या सर्वेक्षणात बोटाला टोचून थेंबभर रक्त घेत असत. २०१६-१८ च्या व्यापक राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतले, तेव्हा १ ते ४ वर्षांच्या मुलांत रक्तक्षय ४१ टक्के आढळला. बोटाच्या थेंबावर जवळपास त्याच वयाच्या मुलांत तो ५८ टक्क्यांहून अधिक निघाला होता. अशा आक्षेपांनंतर सहाव्या फेरीतून ही चाचणीच वगळण्यात आली. तथापि दहांतील चार मुले हेही थोडके नव्हे. शिवाय रक्तक्षयाच्या प्रत्येक रुग्णात लोहाचीच उणीव असते असे नाही. कुठे बी-१२ ची कमतरता, कुठे जंत. नंदुरबार-गडचिरोलीच्या वनवासी भागात सिकलसेलचा आनुवंशिक दोष. तेथे केवळ लोहाच्या गोळ्या वाटून काय साधणार?

आपण शिबिरे भरवतो आणि सायंकाळी किती रुग्ण तपासले ते मोजतो. तो उपचार झाला, प्रतिबंध नव्हे. चौथ्या फेरीपासून जिल्हावार पत्रके उपलब्ध आहेत. शिबिराची तारीख ठरवण्यापूर्वी आपल्या जिल्ह्याचे पत्रक किती जण वाचतात?

पाचव्या फेरीत गर्भारपणी १८० दिवस लोहाच्या गोळ्या घेतलेल्या माता देशात केवळ २६ टक्के होत्या. गोळी घरात पोचते, पण पोटात जात नाही. मळमळते, शौचास काळे होते, बाळ फार मोठे होईल अशी भीती घातली जाते. ही कारणे पत्रकात सापडणार नाहीत, ती उंबरठ्यावर बसून विचारावी लागतात. म्हणून माझी सूचना अशी : गावातील गर्भवतींची यादी आशाताईंच्या सोबतीने करा. गोळीबरोबर चहा नको, जेवणात लिंबू असू द्या, हे सासूबाईंनाही सांगा. महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा तपासून घ्या. गोळ्या नियमित घेऊनही ते वाढले नसेल, तर त्या भगिनीला डॉक्टरांकडे न्या. दोष दुसराच असू शकतो.