गोळी, भोवरा आणि नेम



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्याने बंदुकीच्या गोळीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण सातारा-सांगलीच्या माणसाला हा विषय परका नाही. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. पेन्शनीवर आलेला शिपाई नाही असे गाव इकडे विरळाच. या मंडळींकडून आम्ही एक गोष्ट अनेकदा ऐकली आहे: गोळी शंभर यार्डांवर डुलते, तीनशेवर सरळ होते, म्हणून लांबचाच नेम चांगला बसतो. यात खरे किती, ते आज पाहू.

निम्मे खरे आहे. लांबट गोळीचा भार मागे असतो आणि हवेचा रेटा पुढे बसतो. ती नुसतीच सोडली तर कोलांट्या खाईल. म्हणून नळीत आतून मळसूत्री खाचा पाडतात. दोन्ही महायुद्धांत आपल्या जवानांच्या हाती असलेल्या '३०३' रायफलीत या खाचा दर १० इंचांत एक पूर्ण वळसा घेत. गोळी सुटे सेकंदाला सुमारे २,४४० फूट वेगाने. हिशेब करा, सेकंदाला २,९०० हून अधिक फेरे झाले! भोवरा जाळीतून सुटताच जरा डुलतो आणि मग ताठ उभा राहतो. गोळीचेही तसेच. पुढे वेग झपाट्याने घटतो, फेरे मात्र हळूहळू घटतात. त्यामुळे तिचा तोल उलट वाढत जातो.

पण तोल सावरला म्हणजे दिशा सुधारली असे नव्हे. या डुलण्याने गोळी आपल्या वाटेपासून हटते ती काही मिलिमीटरच. नळी सुटतानाच कोन चुकला, तर शंभर यार्डांवरची एका इंचाची चूक तीनशेवर तीन इंच होणारच. गवंड्याची दोरी पायाशी बोटभर सरकली की दहाव्या हातावर भिंत किती जाते, ते आपण जाणतो. एकाच रेषेत शंभर यार्डांवर पातळ कागद आणि तीनशेवर निशाण लावा. तीच गोळी दोन्हींतून जाऊ द्या. दूरच्या भोकांचा पसारा मोठाच भरेल. मग शिपायाला तसे का वाटते? लांबच्या निशाणावर माणूस श्वास आवरून, मन लावून नेम धरतो. जवळच्यावर निष्काळजी होतो. गुण माणसाचा, श्रेय गोळीला!

शिवाय तोलाची परीक्षा पुढेच असते. गोळीचा वेग आवाजाच्या वेगाशी, म्हणजे सेकंदाला सुमारे १,१०० फुटांशी आला की हवेचे धक्के तिला डळमळवतात. '३०३' ची गोळी हजार यार्डांच्या आतच तिथे पोचते. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. त्या स्पर्धेतली छोटी गोळी बहुधा मुळातच आवाजाहून किंचित मंद ठेवतात, म्हणजे ही खिंड ओलांडावीच लागत नाही. तिथे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर!

आता मुद्द्याचे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजला मामलेदार कचेरीवर तिरंगा घेऊन मोर्चा गेला. गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह ९ जण पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले अभियंते पंड्या पडले. निःशस्त्र माणसांवर कुठेही गोळी चालली की मागाहून ऐकू येते, 'हवेत झाडली, चुकून लागली.' बंधूंनो, कचेरीच्या अंगणाएवढ्या अंतरावर वारा, तोल, आवाजाचा वेग यांपैकी एकही सबब टिकत नाही. तिथे गोळी नळी दाखवील तिकडेच जाते. डोक्यावरून सोडलेली गोळीही नाहीशी होत नाही; रायफलीची गोळी दीड-दोन मैलांवर कुणाच्या तरी अंगणात उतरते. मोर्चात आमच्या शेजारी उभ्या असणाऱ्या माणसाला हे माहीत असावे, आणि हुकूम देणाऱ्याला तर अधिकच.

गोळीला फेरे नळी देते, पण दिशा माणूस देतो. तेव्हा जाब गोळीला नव्हे, माणसालाच विचारायचा.