मोटारीचे बसलेले पाटे

कुटुंबाची मोटार जुनी होऊ लागली, की तिचे वय पुष्कळदा पाठीमागून प्रथम दिसू लागते. रंग टिकून असतो, इंजिनाचीही कुरकुर नसते. परंतु मागची बाजू खाली आलेली असते. चार माणसे आणि प्रवासाचे सामान चढले, की मडगार्ड चाकावर टेकल्यासारखे दिसते आणि खड्डा येताच खालून दणका बसतो. 'पाटे बसले', असे मालक म्हणतो. निदान बहुधा बरोबर असते. उपाय मात्र अनेकदा चुकतो.

पश्चिम बंगालमध्ये तयार होणारी आणि २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली ॲम्बॅसडर काय किंवा मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी काय, दोहोंचा मागचा आस पाट्यांच्या स्प्रिंगांवर पेललेला असे. कमी कमी लांबीचे पोलादी पाटे एकावर एक रचून ते मध्यभागी यू-बोल्टांनी आसाला आवळलेले असतात. सर्वांत लांब अशा मुख्य पाट्याच्या टोकांना डोळे असतात. एक डोळा गाडीच्या तळाला पिनेने जोडलेला असतो. दुसरा शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला अडकवलेला असतो. कारण भाराखाली कमान सपाट होताना तिची टोके एकमेकांपासून दूर सरकतात.

हे पाटे नुसता भार वाहत नाहीत. आसाला त्याच्या जागी धरून ठेवणे आणि ब्रेक लागताना बसणारी ओढ सोसणे, हेही त्यांचेच काम. म्हणून मुख्य पाटा डोळ्यापाशी तुटला, तर आस तिरपा सरकतो आणि वेगात असलेली गाडी चालकाला जुमानत नाही. ही गोष्ट केवळ आरामाची नव्हे, आत बसलेल्या माणसांच्या जिवाची आहे. शिवाय मागची बाजू खचली, की पुढचे दिवे वर रोखले जातात आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

स्प्रिंगवर जितका भार, तितके तिचे लवणे, हा नियम रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. तथापि त्याला मर्यादा आहे. वर्षानुवर्षांच्या जादा भाराने व दणक्यांनी ती ओलांडली, की भार उतरल्यावरही पोलाद मूळ आकारावर परतत नाही. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. बसलेला पाटा मऊ झालेला नसतो; त्याचा ताठरपणा जवळजवळ पूर्वीइतकाच असतो. गमावलेली असते ती कमान.

हे न ओळखल्यामुळेच जादा पाटा घालण्याचा सोपा मार्ग पत्करला जातो. गाडी उंच होते खरी. पण ताठरपणा पाट्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढत असल्याने ६ मिलिमीटरच्या जागी ७ मिलिमीटरचा पाटा आला, तर तो दीडपटीहून अधिक ताठर ठरतो. मग रिकामी गाडी आदळत चालते आणि थकलेला मुख्य पाटा आत तसाच राहतो. नवे शॉक ॲब्सॉर्बर बसवूनही उंची परत येत नाही. साधा शॉक ॲब्सॉर्बर हेलकावे शमवतो, वजन उचलत नाही. थंड पाटा ठोकून बाक दिला, तर पोलादात ताण दडून राहतो. भार आला की तो भाराच्याच बाजूने ओढतो आणि पाटा पुन्हा बसतो किंवा तडकतो.

खरा उपाय मोजमापापासून सुरू होतो. सपाट जमिनीवर, चाकांत योग्य हवा भरून, रिकाम्या गाडीच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. एकच बाजू खाली असेल, तर झिजलेले बुश, अडकलेला शॅकल आणि पुढची स्प्रिंगही तपासावी. तडा गेलेला किंवा गंजाने खाल्लेला पाटा निकालातच काढावा. धड पाट्यांना पुन्हा बाक द्यायचा, तर ते सुमारे ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, घडवून, तेलात विझवावे लागतात आणि नंतर ४५० ते ५०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवावे लागतात. लोहार ज्याला 'पाणी देणे' म्हणतात, ते हेच शास्त्र. जेथे अशी भट्टी नाही, तेथे नवा संच घेणे शहाणपणाचे. आणि तो दोन्ही बाजूंना एकदमच बदलावा.

काम करताना गाडी केवळ जॅकवर ठेवू नये; तळाला भक्कम घोड्या लावाव्यात आणि आसालाही वेगळा आधार द्यावा. संचाचा मधला बोल्ट सोडण्यापूर्वी पाटे क्लॅम्पने आवळावेत, नाहीतर ते उसळून इजा करतात. डोळ्यांचे रबरी बुश असलेले बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी असताना घट्ट करावेत. अधांतरी आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते. यू-बोल्ट नवे घालावेत आणि काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत.

आजच्या बहुतेक कौटुंबिक गाड्यांना मागे वेटोळ्यांच्या स्प्रिंगा असतात. त्यांच्या वेटोळ्यांत रबरी ठोकळे खुपसणे, ही जादा पाट्याचीच नवी आवृत्ती होय. वाहन नवे असो वा जुने, मागची बाजू वर आली म्हणजे स्प्रिंग सुधारली असे नव्हे. उंची डोळ्यांना दिसते. पोलादाची थकवण दिसत नाही, ती तपासूनच ओळखावी लागते.